गावात रानपिंगळा दिसला (म्हणे). फाट्यावर पाटी लावायची का?

सालई
नमस्कार मंडळी. कन्नड तालुक्यात, गौताळा अभयारण्याच्या कडेला एका गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. मागच्या महिन्यात सातवीतली दोन पोरं शेळ्यांमागं गेली होती (शाळा बुडवून, पण ते इथं सोडून देऊ). भर दुपारी वाळक्या सालईवर एक बसकं, गोल डोक्याचं घुबड दिसलं. त्यांनी मोबाईलवर फोटो काढून ग्रुपवर टाकला. चाळीसगावकडच्या कुणाच्या तरी पाहुण्यानं खाली लिहिलं, "अरे, हा तर रानपिंगळा! जगात फक्त भारतात आहे." झालं, दिवे लागायच्या आत गावभर.

दुसऱ्या दिवशी सरपंच शाळेत हजर. "गुरुजी, फाट्यावर पाटी लावू. दुर्मिळ रानपिंगळ्याचं गाव. पितळखोऱ्याची लेणी बघायला जाणारी माणसं इकडं वळतील, दोन टपऱ्या चालतील." ज्यांच्या बांधावर ती सालई आहे ते आबा म्हणतात, झाड वाळलंय, पावसाळ्याआधी पाडणार, नाहीतर वादळात मोटारीच्या वायरीवर पडेल. दोघंही माझ्याकडं बघायलेत, जसं काही मीच ते घुबड पाळलंय.

मी झाडाखाली जाऊन आलो. ढोलीपासून खाली खोडावर चुन्याचे ओघळ यावेत तशी पांढरी शीट. बुडाशी करड्या, बोटाच्या पेराएवढ्या गोळ्या पडलेल्या (घुबड न पचलेलं ओकून टाकतं, त्या). पोरांनी एक गोळी वर्तमानपत्रावर ठेवून सुईनं उकलली. आत उंदराचा खालचा जबडा निघाला, दात जागच्या जागी. भुंग्याच्या पंखांची चकाकती टरफलं आणि बाकी सगळे केस. एक पोरगं म्हणालं, "सर, हे आपल्या मक्यातलंच उंदीर असंल."

तर मला विचारायचंय ते हे: हा खरंच रानपिंगळा असेल का? पाटी लावावी का? आणि पाटीपलीकडं गावानं खरोखर करण्यासारखं काय आहे?

गोदाकाठ
वाचतोय. फोटो टाका.

सालई
टाकलाय. पोराच्या मोबाईलची काच फुटकी आहे, म्हणून पक्ष्याच्या पोटावरून एक तडा गेलाय. तो तडा ओळखीची खूण समजू नये.

क्लिक_बहाद्दर
सर, अप्रतिम! लोकेशन व्यनि (खाजगी निरोप) करा ना प्लीज. येत्या रविवारी दोन गाड्या येऊ.

तांबट
@सालई, या फोटोवरून छातीठोक सांगू नये, कुणीच. पण काय बघायचं ते सांगतो, पोरांना शिकवा.

साधा पिंगळा आणि रानपिंगळा चणीनं जवळपास सारखेच, फार तर वीतभर. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठसठशीत असतात, भाकरीच्या पिठावर तीळ टाकावेत तसे, फक्त रंग उलटे. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं, ठिपके असले तरी फिकट. छाती गर्द तपकिरी, जवळपास सलग, आणि तिच्याखाली पोट पांढरं स्वच्छ. साध्या पिंगळ्याच्या पोटावर तपकिरी ठिपक्यांच्या ओळी असतात. रानपिंगळ्याचे पाय पांढऱ्या पिसांनी गच्च भरलेले, पायमोजे घातल्यासारखे, आणि बसल्या बसल्या तो शेपटी झटकत राहतो.

"दुपारी दिसला म्हणजे रानपिंगळाच" असं जे लोक म्हणतात ते अर्धवट आहे. रानपिंगळा दिवसा शिकार करतो हे खरं, पण साधा पिंगळाही ढोलीच्या तोंडाशी दुपारी ऊन खात बसतो.

आता नकाशा. रानपिंगळा आजवर पक्का सापडला तो शहादा-तळोद्याकडं, तोरणमाळ, यावल, मेळघाट, ठाण्यात तानसा, शिवाय मध्य प्रदेशात खंडवा-बुऱ्हाणपूर आणि गुजरातेत डांगकडं. यावल तापीच्या पलीकडं, सातपुड्यात. गौताळा अलीकडं, सातमाळा-अजिंठ्याच्या रांगेत. मधे अख्खं खानदेशचं केळी-कापसाचं रान. येणारच नाही असं म्हणत नाही, पण माझे पैसे साध्या पिंगळ्यावर.

ओसाडगावचा_पाटील
दिवसा डोळे उघडे ठेवून बसणारा आणि काही न करणारा एक आमच्या ऑफिसातही आहे. त्याची पाटी मात्र दारावर आहे.

जुनी_वही
पाटीवरून आठवलं. या पक्ष्याचा सगळा इतिहास म्हणजे एका खोट्या पाटीची गोष्ट आहे, जरा लांबण लावतो.

१८७३ मध्ये ह्यूम या इंग्रज पक्षीतज्ज्ञानं या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिलं. पुढं जेम्स डेव्हिडसन नावाच्या मुलकी अधिकाऱ्यानं खानदेशात, शहादा-तळोदा भागात काही पक्षी मारून संग्रहालयांना दिले. १८८४ नंतर मात्र पक्का नमुना नाही. तरी सगळ्या पुस्तकांत एक नोंद होती: १९१४, गुजरातेत मांडवी, संग्राहक कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागन. मोठा माणूस, सैन्यातला, कोण शंका घेणार?

या कर्नलनं संग्रहालयांतून पेंढा भरलेले पक्षी चोरून, नव्यानं भरून, स्वतःच्या नावाची चिठ्ठी लावलेली होती. त्याचा "मांडवीचा" रानपिंगळा डेव्हिडसनच्याच जुन्या नमुन्यांपैकी निघाला. ही लबाडी पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीतज्ज्ञ बाईंनी उकलली. मग त्या, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबॉट खऱ्या नोंदींचा माग काढत आले आणि २५ नोव्हेंबर १९९७ ला शहाद्याजवळ पक्षी समोर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी! त्याआधी सलीम अलींसारख्यांनी शोधूनही हाती लागला नव्हता.

म्हणून सरपंचांना सांगा, चुकीच्या पाटीची किंमत मोठी असते.

चुलीपुढची
एवढं सगळं वाचलं. इतिहास छान आहे, पण झाडाचं कुणी बोलंना.

मी गौताळ्याच्या चाळीसगाव अंगाला दिलेली, माहेर सिल्लोडचं. सरपणाला मी गेलेली आहे, ऐकीव सांगत नाही. जंगलाचा नियम आम्हाला लहानपणापासून काय सांगितला? हिरवं तोडू नका, वाळलेलं न्या. गार्ड हिरव्या फांदीला धरायचा, वाळक्याला सोडायचा. आम्ही शहाण्यासारखं वाळलेलंच आणलं. आता तुम्ही म्हणता या पक्ष्याला ढोलीचं जुनं झाड लागतं. म्हणजे आम्ही इमानदारीनं नेमकं त्याचंच घर डोक्यावर वाहून आणलं की!

सिलिंडर आहे घरात. पण आंघोळीचं पाणी, जनावराचं आंबोण, हे त्याच्यावर कुणी करत नाही, परवडतच नाही. तेव्हा "सरपण बंद करा" म्हणणाऱ्यानं आधी माझ्या चुलीपुढं बसावं.

पण एक सांगते. पोकळ लाकूड आम्हाला नकोच असतं. त्याला जाळ नाही, नुसता धूर, आणि फोडताना आतून विंचू निघतो. कुणी आधी दाखवून दिलं की हे ढोलीचं, तर बाया त्याला कुऱ्हाड लावणार नाहीत. खोडाला चुन्याचा पट्टा मारा. विठोबाच्या देवळाची रंगरंगोटी करता तेव्हा बादलीभर चुना उरतोच.

तांबट
@चुलीपुढची, दंडवत. पक्षी बघत पंधरा वर्षं फिरलो, हे डोक्यात आलं नव्हतं. हे घुबड स्वतः ढोली कोरत नाही. सुतार पक्ष्यानं कोरलेली किंवा फांदी मोडून सडलेली जागा बघतं. झाड पोकळ व्हायला माणसाचं आयुष्य जातं. पुन्हा त्याच ढोलीवर पोपट, साळुंकी, निळकंठ सगळ्यांची नजर.

लातूरकर_वेल्डर
आमच्या जिल्ह्यात जंगल एक टक्काही नाही, पाणी २०१६ ला रेल्वेनं आलं. झाडं कुठून आणू? म्हणून मी पेटी केली. आंब्याच्या फळ्या, वर पत्रा. चिंचेला टांगली, पिंगळ्यासाठी. आठ दिवसांत साळुंक्यांनी कब्जा घेतला. दुसरी केली, तिच्यात सातेरी मधमाश्यांचं पोळं. पत्रा उन्हात तव्यासारखा तापतो हे नंतर कळलं. तिसरीला पत्रा काढून गवताचं छप्पर घातलंय. भाडेकरू अजून नाही.

ओसाडगावचा_पाटील
तुमच्या साळुंक्यांना लातूरच्या भाड्याचा अंदाज दिसतोय. डिपॉझिट न देता घुसल्या.

क्लिक_बहाद्दर
सर, व्यनि मिळाला नाही अजून.

पाटोदेकरीण
आमच्या नायगावला १९९४ पासून मोरांचं अभयारण्य आहे. मोर पिकात उतरतो, भुईमूग उकरतो, तरी त्याला कुणी दगड मारत नाही. तो सरस्वतीचा, कार्तिकस्वामीचा, झालंच तर शाळेच्या वहीवरचा. घुबडाला कोण मान देणार? आमची आजी पिंगळा घराच्या आढ्यावर बोलला की जळकं लाकूड फेकायची. म्हणायची, "कुणाला तरी न्यायला आला."

आणि गंमत बघा, तीच आजी पहाटे पिंगळा जोशी आला, हातात कंदील, तोंडी भविष्य, की सूपभर ज्वारी घालायची. पाखराची भाषा कळते म्हणून ज्याला मान, त्या पाखरालाच जळकं लाकूड.

दिव्याखालचा
भीती असती तर बरं होतं हो. भीतीनं लोक लांब राहतात. खरा घात लक्ष्मीपूजनाच्या आसपास होतो, गुप्तधनवाले आणि मांत्रिक यांच्या मागणीमुळं. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा, वन्यजीव कायदा १९७२ चा. दोन्ही कागदावर. आमच्या भागात एकदा पिशवीत बांधलेलं घुबड आठवडी बाजारात विकायला आलं होतं. आम्ही फोन केला, माणसं आली तोवर बाजार उठला. कुठला विभाग ते लिहीत नाही, त्यांनाही गाडी नव्हती.

म्हणून पाटीला माझा साफ विरोध. पाटी म्हणजे चोराला पत्ता.

किनवटचा_मोहा
@दिव्याखालचा, सहमत, पण अर्धाच. न सांगता राखायचं कसं? गावालाच माहीत नसेल तर राखेल कोण?

आमच्याकडं किनवट-माहूरला मोहफुलाच्या दिवसांत झाडाखालचा पाचोळा पेटवतात, फुलं दिसावीत म्हणून. मार्चमधे डोंगर रात्री माळ घातल्यासारखा दिसतो. त्या आगीत वाळकी ढोलीची झाडं पहिली जातात, आतून धुराड्यासारखी पेटतात. काही घरांनी आता झाडाखाली जुन्या साड्या आणि जाळ्या अंथरायला सुरुवात केलीय. फूल स्वच्छ मिळतं, माती लागत नाही, व्यापारी दोन पैसे जास्त देतो. पाखरासाठी कुणी करत नाही, फुलासाठी करतात. चालतंय की.

परभणी_ते_गुवाहाटी
मी परभणीचा, नोकरीत सहा वर्षं आसामात काढली. तिथं हरगिला म्हणून मोठा थोरला, टकला करकोचा आहे. उकिरड्यावर बसणारा, घाणेरडा, अपशकुनी म्हणून बदनाम. घरटं बांधतो लोकांच्या परसातल्या उंच झाडावर, आणि खाली सडकं मांस सांडतो. लोक झाडच तोडायचे. आबांसारखंच की!

पूर्णिमा देवी बर्मन या बाईंनी कामरूपमधल्या दादरा भागात बायांना गोळा केलं. भाषण नाही. हरगिलाचं डोहाळजेवण घातलं! गाणी, जेवण, सगळं रीतसर. मग बायका हातमागावर हरगिलाची नक्षी विणायला लागल्या, ते कापड विकायला लागल्या. ज्याच्या झाडावर घरटं त्याचा मान. त्यांना २०१७ ला व्हिटली पुरस्कार आणि २०२२ ला संयुक्त राष्ट्रांचा मोठा पुरस्कार मिळाला. मला त्यातलं काय पटलं, तर पाखराला माहेरवाशीण केलं. माहेरवाशिणीचं घर कोण पाडतं?

चुलीपुढची
पिंगळीचं डोहाळजेवण घालायला मी तयार आहे. हिरवी साडी कोण देणार ते आधी सांगा. आणि तिला डोहाळे उंदराचे लागणार, ते ताटात वाढायला दादा तुम्ही या.

परभणी_ते_गुवाहाटी
माझी बदली झाली आहे असं समजा.

गोदाकाठ
अरुणाचलात पक्के नावाच्या अभयारण्याजवळ धनेशाच्या घरट्यांसाठी असंच आहे. न्यिशी लोक पूर्वी धनेश मारायचे, डोक्यावरच्या टोपीला त्याची चोच लावायची प्रथा. आता टोपीला फायबरची चोच, आणि त्याच लोकांतले काही घरटी राखतात, पगारी. बाहेरची माणसं घरटं दत्तक घेतल्यासारखे पैसे देतात.

किनवटचा_मोहा
पगार चांगला, पण देणारा थकला की काय? आमच्याकडं एका योजनेत आगराखे नेमले होते. दुसऱ्या वर्षी पैसे आले नाहीत, तर तीच पोरं म्हणाली, आता आग लागली तर आम्हाला काय त्याचं. आधी फुकट विझवायची तीच!

जुनी_वही
अवांतर: सालई गुरुजी, तुमच्या ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असणारच, २००२ च्या कायद्यानं प्रत्येक पंचायतीत लागते. लोक जैवविविधता नोंदवहीही असेल, बहुधा कपाटात. तिच्यात ही झाडं, मालकाचं नाव आणि ढोलीची उंची लिहून ठेवा. फाट्यावरच्या पाटीपेक्षा कपाटातली वही बरी. चोर कपाट उघडत नाही.

ओसाडगावचा_पाटील
आमच्याकडं ग्रामसेवकही उघडत नाही.

सालई
मंडळी, तीन आठवडे गायब होतो, निवडणुकीच्या कामाला जुंपलं होतं. आता सांगतो.

तांबटांनी सांगितलेल्या खुणा पोरांनी वहीत उतरवून घेतल्या. शाळेतल्या एका सरांच्या मेव्हण्याकडून दुर्बीण आणली. चार दिवस संध्याकाळी आम्ही आबांच्या गोठ्याच्या आडून बघितलं. पहिल्या दिवशी नुसतं डोकं. दुसऱ्या दिवशी दोन डोकी. तिसऱ्या दिवशी एक बाहेर येऊन फांदीवर बसलं, आणि सूर्य नेमका त्याच्या टाळूवर. तीळ! ठसठशीत पांढरे, मोजता येतील असे. पोटावरही ठिपक्यांच्या ओळी. साधा पिंगळा. जोडी.

ज्या पोरानं फोटो काढला होता त्याचा चेहरा उतरला. म्हणालं, "म्हंजी सर, आता झाड तोडणार?" मला उत्तर सुचेना. आबा मागं उभे होते. तेच म्हणाले, "उंदीर खातंय ना? मग त्याच्या जातीचं तू कामून रडायला?"

पण आबा तसे व्यवहारी. झाड ठेवतो म्हणाले, वायरीकडची फांदी मात्र कापणार. ढोली तिच्या विरुद्ध अंगाला आहे, तेव्हा चालण्यासारखं होतं. आत्ता विणीचे दिवस, म्हणून फांदीही पिल्लं उडाल्यावर, पाऊस लागायच्या आत काढायची, एवढं मी कबूल करून घेतलं. तोवर वायर त्यांनी दोरीनं खांबाकडं ओढून बांधलीय.

चुलीपुढच्या ताईंचा चुना मी ग्रामसभेत मांडला. पुरुषमंडळी हसली. बचत गटाच्या बाया हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सहावी-सातवीची पोरं आणि चार बाया निघाल्या, बादली आणि केरसुणी घेऊन. गायरानात आणि बांधांवर मिळून एकोणीस ढोलीची झाडं निघाली. मला वाटलं होतं पाच-सहा असतील. एका ढोलीत घोरपड होती, बादली तिथंच सांडली. वही जुनी_वहींच्या सांगण्याप्रमाणं भरायला घेतलीय, ग्रामसेवकांना कपाटाची किल्ली सापडायची आहे.

पुन्हा पाटी. ती सरपंचांनी ग्रामसभेआधीच रंगवून आणली होती. "दुर्मिळ रानपिंगळ्याचे गाव," निळ्यावर पिवळी अक्षरं, खाली सरपंचांचं नाव मोठं. पेंटर पैसे परत देईना. मग "दुर्मिळ" आणि "रान" यांच्यावर निळा रंग मारला. आता वाचलं जातं "पिंगळ्याचे गाव". लावली मात्र शाळेच्या आत, पाण्याच्या टाकीशेजारी. सरपंच थोडे रुसलेत, पण नाव शाबूत आहे म्हणून गप्प आहेत.

तांबट
एकोणीस! सर, उन्हाळ्यात प्रत्येक झाडाखाली एकदा शीट आणि गोळ्या बघून ठेवा. आतमधे काठी घालू देऊ नका पोरांना.

पाटोदेकरीण
आबांचा तो "त्याच्या जातीचं" वाला डायलॉग मी आजीला वाचून दाखवला. आजी म्हणाली, बरोबर आहे त्यांचं, पण आढ्यावर बोलला तर मी फेकणारच.

चुलीपुढची
चार बायांना माझा राम राम सांगा. चुना पावसात जातो, दिवाळीला परत मारावा लागंल.

क्लिक_बहाद्दर
सर, साधा पिंगळा असला तरी चालेल. ढोलीत जोडी म्हणजे फ्रेम छान येते. लोकेशन?

परभणी_ते_गुवाहाटी
@क्लिक_बहाद्दर, जगात जर्मनी, भारतात परभणी. तिथून पुढं विचारत या.